राखण

पहिला नर माझ्या डोळ्यांसमोर मेला.

मी पाण्याची भांडी विसळत होते. शेडच्या मधोमध तो पिसारा फुलवून उभा होता, पंख जमिनीला घासत, नाकावरचा लाल मांसल तुरा लोंबत, आणि समोरच्या नराला दम देत होता. टर्कीचा नर ऐटीत आला की घशातून जो गुडगुड आवाज काढतो, तो चालू होता. मध्येच आवाज थांबला. त्यानं मान वर ताणली, दोन उड्या घेतल्या, पंख झाडले आणि तो उताणा पडला. मी भांडं टाकून धावले तोवर त्याचे पाय हलायचे थांबले होते. डोक्याचा लालभडक रंग बघता बघता उतरला आणि मेणासारखा पांढरा झाला.

"पप्पा!" मी हाक मारली.

माझे सासरे, इनास लोपीस, माडाखाली नारळ सोलत बसले होते. ते आले. पक्षी उलटापालटा करून पाहिला, चोच उघडून आत बोट घातलं, वास घेतला. मग मान वर केली आणि कुंपणापलीकडे बघत राहिले.

कुंपणापलीकडे त्यांचा धाकटा भाऊ, बस्त्यावकाका, वांग्यांवर औषध मारत होते. पाठीला पंप, तोंडाला रुमाल.

"विष," पप्पा म्हणाले. एवढंच. हळू आवाजात, जणू कधीपासून वाट बघत असलेला पाहुणा दारात आला होता.

तेव्हा मला त्या घरात येऊन दुसरं वर्ष चाललं होतं. वसईच्या समुद्राकडच्या पट्ट्यातलं आमचं गाव. नवरा नेल्सन बोटीवर होता, वर्षातून एकदा घरी यायचा. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेल्या होत्या. म्हणजे घरात पप्पा आणि मी, आणि मागच्या शेडमध्ये टर्की. नाताळात मुंबईच्या मोठ्या हॉटेलांना टर्की लागतात, आणि हॉटेलवाल्यांना पक्षी जितका जाडजूड तितका हवा असतो. पप्पांनी परदेशी जातीची पिल्लं आणून वाढवली होती. मका, शेंगदाण्याची पेंड, सुका जवळा, दिवसातून कितीदा तरी खाणं. नर एवढे फोफावले की चालताना त्यांची छाती जमिनीला टेकते की काय असं वाटायचं. पप्पा त्यांच्याकडे बघताना कधी कधी हसायचे. माणसांकडे बघून हसताना मी त्यांना फारसं पाहिलं नव्हतं.

भावाशी त्यांचं बोलणं वाडी वाटली गेली तेव्हापासून तुटलं होतं. त्यात शेडचा वास. पावसाळ्यात तो वास बस्त्यावकाकांच्या ओटीवर जाऊन बसायचा. एकदा काका वैतागून सगळ्या आळीला ऐकू जाईल असं ओरडले होते, "ह्या गिधाडांना एक दिवस कोणीतरी औषध पाजेल, बघच तू!"

ते वाक्य पप्पांनी जपून ठेवलं होतं.

त्या दिवशी मेलेला नर त्यांनी माडाच्या बुंध्याशी पुरला. मी विचारलं, "पप्पा, जनावरांच्या डॉक्टरला दाखवूया का?"

"कशाला?"

"काय झालं ते तरी कळेल."

"डॉक्टर कापणार. कापलं की बभ्रा होणार. विषाची टर्की म्हटल्यावर हॉटेलवाला दारात उभा करेल का आपल्याला?" त्यांनी फावडं झटकलं. "आणि तू तोंड उघडायचं नाहीस. मार्थाकडे तर नाहीच नाही."

मार्था म्हणजे बस्त्यावकाकांची बायको. नवरा बोटीवर, सासरा अबोल, अशा घरात मला बोलायला तीच एक होती. कुंपणावरून ती मला सुकेळी, म्हणजे वाळवलेली केळी, द्यायची, मी तिला कधी आमटीचं भांडं द्यायचे. पप्पा हे बघायचे, पण तोवर काही बोलले नव्हते.

दुसऱ्या दिवशी त्यांनी राखण सुरू केली.

कुंपणाच्या तारेला रिकामे डबे बांधले, कोणी हात लावला की खडखडतील असे. साखळीला बांधलेला कुत्रा अंगणातून उचलून शेडच्या दाराशी आणला. स्वतः दारात खुर्ची टाकून, मांडीवर काठी घेऊन बसले. वाऱ्यानं डबा वाजला की कुत्रा भुंकायचा, कुत्रा भुंकला की पप्पा काठी आपटत, "कोण आहे? कोण आहे रे?" करत शेडमधून थेट पलीकडच्या कुंपणापर्यंत धावायचे. वाटेतले पक्षी फडफडत, एकमेकांवर चढत कोपऱ्यात जमायचे. कुंपणाशी कधी मांजर असायचं, कधी कोणीच नसायचं.

आणखी एक नर मेला. मग आणखी एक. सगळे असेच. सकाळी धडधाकट, चरत, आणि अचानक उताणे. आजारी पक्षी कसा पिसं फुगवून एका बाजूला बसतो, खाणं सोडतो, तसलं काही नाही. आणि मरायचे ते नेमके सगळ्यांत मोठे.

"बघ," पप्पा म्हणायचे. "निवडून मारतोय. कुठला विकायला आधी जाणार ते त्याला ठाऊक आहे."

मला ते पटायला लागलं होतं. खोटं कशाला सांगू? रोग असता तर लहानमोठा बघितला असता का? कोणीतरी निवडून मारतंय हेच खरं वाटायचं. मीही बस्त्यावकाकांच्या हालचाली बघू लागले. ते पंप कुठे धुतात, औषधाची बाटली कुठे ठेवतात, आमच्या बाजूला किती वेळ उभे राहतात. मार्थाकाकूनं सुकेळी दिली तर मी ती घेतली, पण खाल्ली नाही. कोनाड्यात तशीच ठेवली. मुंग्या लागल्या तेव्हा टाकून दिली.

आणि एका दुपारी पप्पा जेवायला आत गेले असताना मी काकांना बघितलं. ते कुंपणाशी वाकले होते. तारेच्या खालून हात घालून काहीतरी आत सरकवत होते. डबे वाजू नयेत म्हणून दुसऱ्या हातानं तार धरून. मी उभी होते त्या केळीच्या आडून त्यांना दिसत नव्हते. ते गेल्यावर मी जाऊन पाहिलं. कोबीची पानं होती. हिरवीगार, ओली. टर्कींनी निम्मी संपवलीही होती.

उरलेली पानं मी पदरात गुंडाळली आणि पप्पांना काही सांगितलं नाही. का नाही सांगितलं, ते तेव्हा मला कळत नव्हतं. सांगितलं असतं तर काठी घेऊन ते सरळ कुंपण ओलांडून गेले असते, एवढं मात्र कळत होतं.

त्याच संध्याकाळी मी पक्ष्यांचं पाणी भरून नेत होते. पप्पा दारातच होते. त्यांनी हात आडवा केला.

"थांब. बादलीतलं पेलाभर काढ."

मी काढलं.

"पी."

"मी?"

"हो, तूच. आधी तू पी, मग त्यांना दे."

मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. ते रागात नव्हते. दुकानात नोट उजेडात धरून बघतात, तसे ते माझ्याकडे बघत होते.

"पप्पा, मी ह्या घरची सून आहे."

"आहेस ना? मग पी."

मी प्यायले. त्यांनी थोडा वेळ वाट बघितली आणि हात बाजूला केला. त्या दिवसापासून रोज तसंच. पेंडीच्या खोलीला कुलूप लागलं आणि किल्ली त्यांच्या गळ्यातल्या क्रुसाच्या दोऱ्यात गेली. नेल्सनचा फोन शेजारच्या दुकानात यायचा. मी त्याला काय सांगणार होते? तो समुद्रावर होता. मी म्हटलं, सगळं ठीक आहे.

रविवारी चर्चमधली मिस्सेची प्रार्थना सुटल्यावर ते झालं. लोक देवळाच्या पायऱ्या उतरत होते. बस्त्यावकाका, मार्थाकाकू आणि त्यांची मुलगी प्रिसिला बाजूला उभे होते. प्रिसिलाचं लग्न ठरलं होतं, निर्मळ गावच्या ऑस्कर तुस्कानोशी, नाताळ झाल्यावर लगेच. बायका तिचं अभिनंदन करत होत्या. पप्पा गर्दीतून वाट काढत गेले आणि त्यांनी भावाची कॉलर धरली.

"काय घालतोस रे माझ्या पक्ष्यांना?"

"सोड, इनासदादा. लोक बघतायत."

"बघू दे! सगळ्यांना कळू दे. माझे पक्षी विष घालून मारतोय हा!"

काकांचा चेहरा पांढरा पडला. "क्रुसावर हात ठेवून सांगतो, मी काही घातलेलं नाही."

"तुझा हात आणि तुझा क्रूस!"

फादर धावत आले, त्यांनी दोघांना वेगळं केलं. पण पप्पा थांबले नाहीत. "विष घालणाऱ्याच्या घरच्या लग्नात लोपीसांचा कोणी पाऊल टाकणार नाही," ते म्हणाले. प्रिसिला खाली बघत होती. मी तिच्याकडे बघितलं आणि तिनं मान वळवली.

आमच्याकडे बातमीला रिक्षा लागत नाही. ती संध्याकाळच्या आत निर्मळला पोचली. दोन दिवसांत मुलाच्या आईचा, रेजिनाबायचा, निरोप आला: तुमच्या घरातलं काय ते आधी मिटवा. ज्या घरात भाऊ भावाच्या जनावरांना विष घालतो, तिथली मुलगी आम्ही कशी आणायची? लग्न पुढे ढकललं आहे असं समजा.

मार्थाकाकू कुंपणाशी आली. तिच्या हातात या वेळी काही नव्हतं.

"हिल्डा, तुलाही वाटतं का, त्यांनी केलं असं?"

 कोबीची पानं मला डोळ्यांपुढे दिसत होती. काकू निघून गेली.

त्या रात्री मला झोप आली नाही, पण काकूमुळे नाही. मी हॉटेलात टर्की खायला बसणाऱ्या माणसांचा विचार करत होते. खरंच विष असेल तर? मेलेले आम्ही पुरतोय, पण जिवंत आहेत त्यांच्या अंगात नसेल कशावरून? नाताळच्या दिवशी कोणाच्या तरी ताटात ते जाणार होतं, पोराबाळांच्या पोटात. पप्पांना हे सुचलं नसेल असं नाही. त्यांना ते सुचवून घ्यायचं नव्हतं.

पुढचा नर मेला तेव्हा पप्पा बाजारात गेले होते. आळीच्या टोकाला कोणाच्या तरी लग्नासाठी आणलेले फटाके कोणी वाजवून बघितले, कुत्रा पिसाळल्यासारखा भुंकला, डबे खडखडले आणि शेडमध्ये एकच हलकल्लोळ झाला. मी आत गेले तर तो कोपऱ्यात पडला होता. अजून गरम होता. मी त्याला गोणीत घातलं, लपवून ठेवलेली कोबीची पानं पिशवीत घातली, पक्षी पुरलाय असं दिसावं म्हणून माडाच्या बुंध्याशी माती उकरून पुन्हा सारखी केली आणि रिक्षा पकडली.

जनावरांच्या सरकारी दवाखान्यात नवीन डॉक्टरीणबाई आल्या होत्या, शुभदा केंद्रे. नांदेडकडच्या. बोलणं खणखणीत. मी गोणी टेबलावर ठेवली आणि म्हटलं, "ह्याला कोणी विष घातलंय का, तेवढं बघा. माझं नाव कुठे येऊ देऊ नका."

"बसा तरी आधी, ताई." त्यांनी हातमोजे चढवले. "किती मेले असे?"

मी सांगितलं.

"माद्या?"

"एकही नाही."

"हं." त्यांनी पक्ष्याचं डोकं हातात घेऊन पाहिलं. "रक्त उतरलंय सगळं. आता ते गेलं कुठं, ते बघू."

त्यांनी पोट उघडलं. मी तोंड फिरवणार होते, पण फिरवलं नाही. पोट रक्तानं भरलेलं होतं. पातळ नाही, गोठलेलं, काळपट लाल, काळजाच्या तुकड्यासारखी एक मोठी गाठ. बाईंनी ती दोन्ही हातांनी उचलून बाजूला ठेवली, पाण्यानं आतून धुतलं आणि पाठीच्या कण्याजवळ बोट फिरवू लागल्या.

"उंदराचं औषध घातलं असेल तर?" मी विचारलं. "त्यानंही रक्त जातं म्हणतात."

"जातं. पण त्यानं रक्त गोठतच नाही. आणि मग इथं थोडं, तिथं थोडं, सगळीकडं पाझरतं. हे बघा, गोठलंय चांगलं. आणि आलंय एकाच ठिकाणाहून. या, वाकून बघा."

कण्याला चिकटून एक पांढुरकी नळी खाली जात होती. तिला लांबीत चीर पडली होती. माझ्या नखाएवढी असेल.

"ही मोठी नस. हृदयातनं निघते, सगळ्या अंगाला रक्त नेते. ही फाटली की खेळ मिनिटाचा."

"फाटते कशानं?"

"टर्कीत होतं हे. नरांतच जास्त. त्यातही जे झपाट्यानं वाढतात त्यांच्यात. मांस भराभर चढतं, पण नसेची भिंत तेवढी घट्ट होत नाही. तिथं ती कुठंतरी पातळ पडते. ह्या पक्ष्यांचा रक्ताचा दाब आधीच भारी असतो. खायला काय देता?"

मी सांगितलं. त्यांनी मान हलवली.

"चारा हलका करा. हिरवं काही देता का?"

मी पिशवीतली पानं पुढे केली. "ही आमच्या... शेजाऱ्यांनी घातली होती. चोरून."

त्यांनी पक्ष्याची अन्नाची पिशवी चिरून पाहिली, आतलं चिमटीनं चाळलं, जठर पाहिलं, यकृत पाहिलं. "विषाचं लक्षण मला कुठं दिसत नाही. पानात काय आहे ते तपासायला पुण्याला पाठवावं लागेल, पाठवते मी. पण हा नर पानानं मेलेला नाही, ताई. नस फाटून मेलाय, हे डोळ्यांनी दिसतंय." मग हात धुता धुता त्यांनी सहज विचारल्यासारखं विचारलं, "मेले तेव्हा काय चाललं होतं?"

"म्हणजे?"

"कोणी घाबरवलं, पळवलं, भांडत होते? दचकला की दाब एकदम चढतो. पातळ पडलेली जागा तेवढ्यानं फुटते."

मी बोलू लागले आणि मध्येच थांबले. पहिला तर दुसऱ्या नराला दम देत होता. दुसरा मेला ती सकाळ आठवली. डबा वाजला, कुत्रा भुंकला, पप्पा काठी आपटत आत धावले. तिसरा. तेव्हाही ते कुंपणाशी गेले होते आणि परत येताना त्यांना तो दिसला होता. आजचा, फटाके आणि कुत्रा. 

"आमच्याकडे राखण चालू आहे," मी म्हटलं. "विष घालणाऱ्याला पकडायला."

बाईंना काय ते लगेच कळलं. त्या हसल्या नाहीत.

"बंद करा ती राखण," त्या म्हणाल्या.

घरी आले तेव्हा पप्पा दारातच होते.

"पक्षी कमी आहे एक. कुठे गेलीस?"

मी सगळं सांगितलं. लपवून काही उपयोग नव्हता. नस, चीर, चारा, दचकणं. ते खुर्चीत बसून ऐकत होते. माझं संपल्यावर त्यांनी विचारलं, "किती दिवस शिकवतायत तुला हे?"

"कोण?"

"मार्था. नाहीतर तो. डॉक्टर त्यांच्या ओळखीतली असणार. म्हणजे आता मारणारा कोण, तर मी! छान."

"पप्पा, मी डोळ्यांनी पाहिलं."

"तू काय बघितलंस ते तुझं तुला माहीत. ह्या घरचं खाऊन तू कुंपणावरून काय देतेस-घेतेस ते मला माहीत."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पण मी त्या दिवशी आवाज चढवला नाही. मी म्हटलं, "एकच करा. उद्याचा दिवस डबे काढा आणि कुत्रा अंगणात बांधा. बघा काय होतं."

त्यांनी उलट केलं. आणखी डबे बांधले.

दुसऱ्या दिवशी दुपार उतरताना मी अंगणात मिरच्या वाळत घालत होते. एक मुंगूस कुंपणाखालून शिरलं. डबे खडखडले, कुत्रा उठला. "कोण रे? पकडलं तुला!" पप्पांची आरोळी ऐकू आली आणि मागोमाग काठीचा आवाज. मी पळत दाराशी गेले. आत धुरळा उठला होता, पिसं उडत होती. सगळ्यांत मोठा उरलेला नर, पप्पा ज्याला 'साहेब' म्हणायचे, पंख झाडत त्यांच्याच समोर उंच उडाला, मान ताणली, आणि त्यांच्या पायाशी उताणा पडला.

पप्पा काठी वर धरून तसेच थांबले.

शेडमध्ये दुसरं कोणी नव्हतं. कुंपणापलीकडेही कोणी नव्हतं, बस्त्यावकाकांची वाडी रिकामी होती. मुंगूस कधीच पळालं होतं.

मी घरातून मासळीची सुरी आणली आणि त्यांच्यापुढे धरली.

"कापा," मी म्हटलं.

"हिल्डा..."

"मी कापलं तर मी काहीतरी केलं म्हणाल. तुम्ही कापा."

त्यांनी बराच वेळ सुरी घेतली नाही. मग घेतली. खाली बसले, पक्षी मांडीशी ओढला आणि पोट उघडलं. रक्ताची गाठ त्यांच्या हातावर घसरली. त्यांनी ती जमिनीवर ठेवली. मी तांब्यानं पाणी ओतलं. त्यांचं बोट कण्यावरून खाली सरकत गेलं, जाड, भेगा पडलेलं बोट, आणि एका जागी थांबलं. बोटाचं टोक त्या चिरेत गेलं.

ते उठले, हात न धुताच कुंपणाशी गेले आणि डबे सोडू लागले. गाठी पक्क्या बसल्या होत्या, रक्तानं बोटं निसटत होती. शेवटी दातांनी सोडल्या. आवाज ऐकून बस्त्यावकाका मागच्या दारात आले.

"बस्त्याव," पप्पांनी हाक मारली. "इकडे ये."

"कशाला? कॉलर धरायला?"

"ये तर."

काका कुंपणापर्यंत आले. आत आले नाहीत. पप्पांनी कापलेला पक्षी उचलून आणला आणि तारेवरून त्यांना दाखवला, बाजारात मासळी दाखवावी तसा. "ही नस. फाटते. मी ओरडत आत धावलो आणि फाटली. ह्याची माझ्यासमोर फाटली."

काकांनी पाहिलं. 

"कोबीची पानं घातलीत ती तुम्ही कशासाठी?" मी विचारलं. मला राहवलं नाही.

काका चपापले. "तू पाहिलंस? अगं, उष्ण चारा चरून चरून तापली होती ती. म्हटलं हिरवं खाऊन थंड होतील. आणखी मेली असती तर नाव माझ्यावरच येणार होतं." मग ते भावाकडे वळले. "मला दाखवून काय उपयोग, दादा? निर्मळला जाऊन दाखव."

पुढे एकही टर्की मेली नाही असं नाही. एक मेली, नाताळच्या आधी, शांतपणे चरता चरता. पण बाकीच्या गेल्या हॉटेलात. बाईंचं पानांबद्दलचं उत्तरही पुण्याहून आलं, पानांत विष नव्हतं.

निर्मळला आम्ही दोघं गेलो. रेजिनाबायनं ओटीवर बसवलं, पाणी दिलं. पप्पांनी आयुष्यात कोणाला काही समजावून सांगितलेलं मी पाहिलं नव्हतं. ते अडखळत सांगत होते, टर्की, चारा, नस, काठी. रेजिनाबाय ऐकून घेत होती. शेवटी म्हणाली, "मोठे भाऊ आहात. धाकट्याची चूक पदरात घेताय. चांगलं आहे. पण आम्हाला कळतं हो."

"चूक नाही त्याची! विषच नव्हतं!"

"देवळासमोर तर तुम्हीच म्हणालात."

 आम्ही परत आलो.

पुढच्या रविवारी मिस्सा सुटल्यावर पप्पा त्याच पायऱ्यांवर उभे राहिले आणि मोठ्यानं म्हणाले की बस्त्यावनं काही केलेलं नाही. लोकांनी ऐकलं. काहींनी मान डोलावली, काहींनी एकमेकांकडे पाहिलं. "घरात मिटवलं वाटतं," मागून कोणीतरी म्हणालं. पप्पांनी ते ऐकलं, कारण त्यांचे कान लाल झाले.

नाताळ आला आणि गेला. प्रिसिलाच्या लग्नाचा दिवसही गेला. ती घराबाहेर पडेनाशी झाली. पप्पा दर रविवारी दुपारी निर्मळला जायचे आणि मला बरोबर न्यायचे. रेजिनाबाय कधी भेटायची, कधी आतूनच निरोप पाठवायची. तरी ते ओटीवरच्या बाकावर बसून राहायचे. एकदा ऑस्कर बाहेर आला, हळूच म्हणाला, "अंकल, मला पटलंय. पण आईला कसं सांगू?" पप्पा म्हणाले, "तू नको सांगूस. मी बसतो."

ईस्टरआधीचा उपवासकाळ सुरू व्हायच्या आधीचा रविवार होता. त्या दिवशी रेजिनाबाय स्वतःहून बाहेर आली आणि समोर बसली. हातातले पावटे सोलता सोलता तिनं विचारलं, "इनासभाऊ, एक विचारू का? पहिला पक्षी मेला, तेव्हाच कापून का नाही पाहिलंत? एवढं सगळं झालंच नसतं."

बभ्रा झाला तर हॉटेलवाले टर्की घेणार नाहीत, असं ते सांगतील म्हणून मी वाट बघत होते. मला त्यांनी तेच सांगितलं होतं.

पप्पा गुडघ्यांवरून हात फिरवत राहिले. 

"कापायचं कशाला?" ते म्हणाले. "कोणी मारलं ते मला माहीतच होतं. पक्षी मरायच्या आधीपासून."

रेजिनाबायचे हात थांबले. तिनं त्यांच्याकडे नीट पाहिलं, पहिल्यांदाच पाहत असल्यासारखं. मग सूप बाजूला ठेवून ती आत गेली. मला वाटलं, झालं, आजही संपलं. पण ती साडी बदलून, डोक्यावर पदर घेऊन बाहेर आली.

"चला," ती म्हणाली. "तारीख ठरवायची तर मुलीच्या बापाला भेटायला हवं. तुम्हीच घेऊन चला मला तुमच्या भावाच्या घरी."

पप्पा घाईघाईनं उठले आणि वाकून बाकाखाली चपला शोधू लागले. चपला त्यांच्या पायांतच होत्या.